त्या १०८ घागरी आता कुठं आहेत?

‘हवा जात बघत नाही.’ हे वाक्य हल्ली शहाण्या माणसांच्या तोंडी बसलंय. व्याख्यानात येतं, अग्रलेखात येतं, पोरांच्या निबंधात येतं. प्रदूषण सगळ्यांचं, श्वास सगळ्यांचा, पृथ्वी सगळ्यांची, तेव्हा सगळ्यांनी मिळून हातात झाडू घ्या. ऐकायला बरं वाटतं. एवढी समता या देशात दुसऱ्या कुठल्या बाबतीत कुणी आपल्याला देऊ केलेली नाही. जमीन सगळ्यांची नव्हती. पाणवठा सगळ्यांचा नव्हता. देऊळ सगळ्यांचं नव्हतं. विषाची वाटणी करायची वेळ आली तेव्हा मात्र आपण सगळे एका आईची लेकरं!

आम्ही म्हणतो, खोटं आहे हे. हवा जात बघत नसेल. पण चिमणी कुठं उभी करायची हे ठरवणारा माणूस जात बघतो. कचऱ्याची गाडी कुणाच्या दाराशी रिकामी करायची, गटारात कुणाला उतरवायचं, कापसाच्या तुसात कुणाला उभं करायचं, हे वारा ठरवत नाही. माणसं ठरवतात. आणि माणसांनी ते आज नाही, फार पूर्वी ठरवून ठेवलंय.

प्रदूषण हा शब्द कायद्यात अलीकडं आला. महाराष्ट्रात प्रदूषण मंडळ १९७० साली निघालं. देशात पाण्याचा कायदा १९७४ चा, हवेचा १९८१ चा, आणि भोपाळमधे १९८४ च्या डिसेंबरात एका रात्रीत हजारो माणसं तडफडून मेल्यावर १९८६ चा पर्यावरण कायदा. पण त्याच्या आधी या देशाला प्रदूषण माहीत नव्हतं असं कुणी समजू नये. चांगलं माहीत होतं. त्याचं नाव होतं विटाळ. त्याचं शास्त्र होतं, पोथ्या होत्या, तज्ज्ञ होते, मोजमाप होतं, दंड होते. पुण्यात पेशवाईत आपल्या माणसाच्या कमरेला झाडू आणि गळ्यात मडकं बांधत, हे बाबासाहेबांनी लिहून ठेवलंय. पाऊल उमटलं तर पुसायला झाडू, थुंकी आली तर मडक्यात. प्रदूषणाला जागच्या जागी अडवायची एवढी पक्की व्यवस्था आजच्या कुठल्या कारखान्याच्या नळाला नाही.

आणि सफाईचंही शास्त्र होतं. २० मार्च १९२७. महाडचं चवदार तळं. मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ साली ठराव झालेला, महाड नगरपालिकेनं १९२४ साली तळं सगळ्यांना खुलं केलेलं. सगळं कायद्यात बसलेलं. बाबासाहेब उतरले, ओंजळभर पाणी प्यायले, मागून हजारो माणसं प्यायली. त्या तळ्यावर गुरं पाणी पीत, त्याचा विटाळ नव्हता. आपली ओंजळ लागली आणि तळं बाटलं. मग काय झालं? तक्रार नाही, चौकशी समिती नाही, नमुना प्रयोगशाळेत पाठवणं नाही. शेण, गोमूत्र, दूध, दही कालवून १०८ घागरी भरल्या, भटजी बसवले, मंत्र म्हटले, घागरी तळ्यात ओतल्या. तळं ‘शुद्ध’ झालं. म्हणजे स्वच्छ पाण्यात शेण ओतलं आणि त्याला सफाई म्हटलं. माणसांना तळं मिळायला पुढं दहा वर्षं कोर्टात गेली. हायकोर्टाचा निकाल आला तो १९३७ साली.

आता त्याच महाडला जा. तिथं एमआयडीसी आहे, रासायनिक कारखाने आहेत. सावित्री नदी आहे. तिच्यात मासे मरून वर आल्याच्या बातम्या एकदा नाही, अनेकदा छापून आल्यात. आता कुठं गेल्या त्या १०८ घागरी? कुठं गेले ते मंत्र म्हणणारे? पाणी खरोखर बाटलं तेव्हा कुणी धावत नाही. ओंजळीनं कुणी मरत नव्हतं, तिला लगेच शुद्धी. रसायनानं नदी मरते, तिला तारीख पे तारीख.

ही आमची पहिली गोष्ट. या देशात कुठली घाण घाण मानायची, हे ती कुणाला मारते यावर ठरत नाही. ती कुणाच्या हातची आहे यावर ठरतं. मालकाच्या हातची असली तर तिला विकास म्हणतात.

आता गिरणीत या.

जुन्या मुंबईच्या गिरण्यांत साळखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, आपल्या माणसाला घेत नसत. कारण काय? धोट्यात नवी कांडी भरली की धागा भोकातून तोंडानं ओढून घ्यावा लागे. एकाच्या तोंडचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला. म्हणजे विटाळ. साळखात्यात पगार जास्त, तिथं दार बंद. आपल्या लोकांनी सूत कातायच्या खात्यात, कमी पगारावर राहायचं. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न ठणकावून पुढं आणला, तेव्हा लाल बावट्याच्या पुढाऱ्यांनाही तो गैरसोयीचा वाटला. मजुरांची एकी धोट्याच्या भोकाशी येऊन अडत होती. १९३८ ला मनमाडला रेल्वेच्या कामगारांपुढं बाबासाहेबांनी सांगितलं की कामगाराचे शत्रू दोन आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. दोन्ही शत्रू एकाच फुप्फुसात कसे जाऊन बसतात, ते सूतगिरणीत काम करणाऱ्याला वेगळं शिकवावं लागत नाही.

कापसाची गाठ फोडली की तूस उडते. ब्लोरूम आणि कार्डिंगला सगळ्यांत जास्त, पुढं रिंगलाही आहेच. त्या तुसात नुसता कापूस नसतो. बोंडाची टरफलं, पानाचा चुरा, माती, बुरशी आणि जंतू. त्या जंतूंच्या अंगातलं विष श्वासाबरोबर आत जातं आणि श्वासनळ्या आवळून धरतं. या रोगाला बायसिनोसिस म्हणतात. त्याची खूण मोठी चमत्कारिक आहे. सुट्टी घेऊन माणूस पहिल्या दिवशी कामावर येतो आणि त्याच दिवशी छाती आवळते, खोकला येतो, धाप लागते. आठवडा सरत जातो तसं हलकं होतं. म्हणून इंग्रजीत त्याला सोमवारचा ताप म्हणत. माणूस म्हणतो, सुट्टीत जास्त झाली असेल. मुकादम म्हणतो, नाटक करतो. वर्षं जातात तसा सोमवारचा मंगळवारही होतो, मग रोजचाच होतो. शेवटी जिना चढायला श्वास पुरत नाही. सुरुवातीला माणसाला तुसातून बाहेर काढलं तर तो बरा होऊ शकतो. उशीर झाला की झाला. मग गेलेला श्वास परत येत नाही.

हे काही गुपित नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या यादीत हा रोग होता, ईएसआयच्या यादीत होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यांच्या परिशिष्टातही आहे. यादीत सगळं आहे. पण दवाखान्यात गेलं की पहिला प्रश्न, ‘बिडी ओढतोस का?’ हो म्हटलं की बिडीचा खोकला, नाही म्हटलं की दमा. काय काम करतोस, किती वर्षं करतोस, सुट्टीनंतर त्रास वाढतो का, हे विचारायला वेळ कुणाला? मी ज्या गिरणीत आहे तिथं कार्डिंगवर तोंडाला फडकं बांधतात. मालकानं दिलेलं नाही, घरून आणलेलं. बायकोच्या जुन्या लुगड्याचं. ते फडकं बारीक तूस अडवत नाही. बारीक तूसच आत खोल जाते.

शहरात थंडीत हवा बिघडली की चौकाचौकात आकड्यांचे बोर्ड लावतात. हिरवा, पिवळा, लाल. पेपरवाले बोंब मारतात, पैसेवाले घरात हवा गाळायचं यंत्र बसवतात. चांगलं आहे, मोजलंच पाहिजे. पण खात्याच्या भिंतीवर तसा बोर्ड कुणी बघितलाय का? आठ तास, कुठं बारा तास जिथं माणूस श्वास घेतो तिथल्या हवेचा आकडा कामगाराला कोण सांगतं? ती हवा शहराची नाही का? की आत शिरताना ती मालकाची होते आणि फुप्फुसात गेल्यावर आमची?

कुणी म्हणेल, हे धंद्यात चालायचंच, कापूस आहे तिथं तूस आहे. खोटं. अमेरिकेत कॅरोलायनाच्या गिरणी कामगारांनी, गोऱ्यांनी आणि काळ्यांनी मिळून, १९७५ पासून ‘ब्राउन लंग असोसिएशन’ चालवली. खोकत खोकत म्हातारे कामगार सरकारी सुनावण्यांत जाऊन बसले. १९७८ ला तिथं नियम झाला की सूत काढायच्या खात्यात एक घनमीटर हवेत कापसाची धूळ २०० मायक्रोग्रॅमच्या वर जाता कामा नये. मालक लोक कोर्टात गेले. म्हणाले, खर्च किती आणि फायदा किती ते आधी मांडा. १९८१ ला तिथल्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं, कायद्यात कामगाराच्या तब्येतीला पहिला मान आहे, तिथं खर्च-फायद्याची तागडी लावायची गरज नाही. यंत्रांना झाकणं बसली, धूळ ओढणारे पंखे आणि गाळण्या बसल्या, कामगारांच्या छातीची तपासणी सुरू झाली आणि रोग झपाट्यानं खाली आला. म्हणजे होतं. करायचं असलं की होतं.

ही झाली आतली हवा. आता बाहेरच्या घाणीचं बघू. या देशातली बहुतेक सफाई ही सफाई नसतेच. ती हमाली असते. घाण इथून उचलायची आणि तिथं टाकायची. इथं म्हणजे त्यांच्याकडं आणि तिथं म्हणजे आपल्याकडं.

देवनारचं डंपिंग १९२७ पासूनचं. साल परत वाचा, १९२७. ज्या वर्षी महाडला आपल्या ओंजळीनं तळं बाटलं, त्याच वर्षापासून मुंबईनं आपली घाण तिकडं टाकायला घेतली. पुढं शहरातल्या झोपड्या मोडल्या की माणसंही तिथंच नेऊन टाकली. कचऱ्याशेजारी कोण राहतं? दलित, मुसलमान, गावाकडून जगायला आलेले भूमिहीन. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात हाच एम-पूर्व विभाग सगळ्या शहरात तळाला होता. २०१६ च्या जानेवारीत डंपिंग पेटलं तेव्हा धूर उपग्रहातून दिसला, शाळा बंद ठेवाव्या लागल्या, तेव्हा कुठं शहराला देवनार आहे हे कळलं. तिथल्या पोरांना त्याआधीही धूर होता, नंतरही होता. कचरा दाबून कुजला की आत मिथेन तयार होतो, तो पेटतो. प्लास्टिक जळलं की डायॉक्सिन निघतो. पावसाळ्यात काळं पाणी गळतं, ते जमिनीत आणि खाडीत जातं. हे सगळं शहराच्या ताटातलं आहे. फक्त ताट धुतलं दुसरीकडं.

आता तो डोंगर साफ करायचा म्हणतात. २०२५ साली महापालिकेनं सुमारे १८५ लाख टन जुना कचरा उपसायचं २,३६८ कोटींचं टेंडर काढलं. जवळजवळ शंभर वर्षांनी जाग आली. का आली? तिथल्या पोरांच्या छातीसाठी? त्याआधी २०२४ मधे राज्य सरकारनं त्याच डंपिंगची १२४ एकर जागा धारावीच्या लोकांच्या पुनर्वसनासाठी द्यायचं ठरवलं होतं. समजलं का? धारावीची जमीन सोन्याची झाली, म्हणून चामडं कमावणारे, मडकी घडवणारे, भंगार वेचणारे तिथून उचलायचे आणि कचऱ्याच्या डोंगरावर बसवायचे. आधी घाण माणसांकडं नेत होते, आता माणसं घाणीकडं नेतात.

ही तऱ्हाही नवी नाही. माहूल बघा. तानसाच्या पाइपलाइनवरच्या झोपड्या २०१७ ला पाडल्या आणि माणसं माहूलला नेऊन टाकली. एका बाजूला रिफायनऱ्या, दुसऱ्या बाजूला रसायनांच्या टाक्या. त्याच्या दोन वर्षं आधी, २०१५ मधेच, हरित लवादानं सांगितलं होतं की इथल्या हवेत राहणाऱ्यांच्या तब्येतीला धोका आहे. तरी नेलं. माणसं आजारी पडली, मेली, रस्त्यावर येऊन बसली, कोर्टात गेली. २०१९ ला हायकोर्टानं सांगितलं की यांना इथं राहायची जबरदस्ती करता येणार नाही. २०२० ला हरित लवादानं चार कंपन्यांना मिळून २८६ कोटींचा दंड ठोठावला. जाहीर झालेल्या विषात माणसं नेणाऱ्या टेबलावरच्या साहेबाला काय झालं? काही नाही. त्यानं हवा बघितली नव्हती, जागा रिकामी आहे एवढंच बघितलं होतं. आपल्यासाठी जागा रिकामी असते ती कशानं तरी रिकामी झालेली असते.

हे फक्त आपल्याच नशिबी आहे असं नाही. ज्या उत्तर कॅरोलायनात गिरणी कामगार तुसाविरुद्ध लढले, तिथंच १९७८ ला काही लोकांनी रात्री ट्रकमधून पीसीबी नावाचं विषारी तेल २४० मैल रस्त्यांच्या कडेला सांडत नेलं. सरकारनं ती माती खरवडली. साफ केली म्हणे. आणि १९८२ ला नेऊन टाकली कुठं? वॉरन काउंटीत, जिथं काळी, गरीब माणसं जास्त. ती माणसं ट्रकपुढं आडवी झाली. ५०० च्या वर लोकांना अटक झाली. कचरा आलाच. पण त्या लढ्यातून तिथं नवी भाषा जन्माला आली. १९८७ ला एका चर्चच्या अहवालानं देशभर मोजून दाखवलं की विषारी कचऱ्याची जागा कुठं असेल याचा सगळ्यांत पक्का अंदाज माणसांच्या वर्णावरून करता येतो. ज्या काळ्या पँथरांवरून आपण १९७२ ला आपल्या पँथरचं नाव घेतलं, त्यांच्या लोकांनी हे मोजून मांडलं. त्या वॉरनची माती शेवटी सरकारला तिथंच यंत्रं लावून निर्विष करावी लागली, २००३ पर्यंत ते काम चाललं. म्हणजे जे पहिल्या दिवशी करायचं ते वीस वर्षांनी केलं.

आपल्याकडं कुणी मोजलंय? कुठल्या डंपिंगभोवती, कुठल्या सांडपाण्याच्या नाल्यावर, कुठल्या भट्टीच्या धुराखाली कोण राहतं, ते जातीसकट? प्रदूषण मंडळ पाण्यातला ऑक्सिजन मोजतं. पाणी कुणाच्या घागरीत जातं ते मोजत नाही.

एक ठिकाण मात्र मोजून झालंय. गटार. सरकारनं गटार आणि सेप्टिक टँक साफ करणाऱ्या सुमारे ३८,००० कामगारांची नोंद केली, ते आकडे २०२४ मधे बाहेर आले. त्यात सुमारे ६९ टक्के अनुसूचित जातीचे. आदिवासी आणि ओबीसी धरले तर ९२ टक्क्यांच्या जवळ. हवा जात बघत नाही म्हणणाऱ्यांनी हा आकडा देव्हाऱ्यात ठेवावा. २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत ३७७ माणसं गटारात आणि टाक्यांत मेली, हे सरकारनंच संसदेत सांगितलं. १९९३ ला कायदा झाला, २०१३ ला दुसरा झाला. २०१४ ला सुप्रीम कोर्टानं मेलेल्याच्या घराला १० लाख द्या म्हटलं, २०२३ ला ३० लाख म्हटलं. माणसाचा भाव वाढला. माणूस आत उतरायचा थांबला नाही.

माणूस आत मरतो कसा, ते नीट समजून घ्या. मैला बंद जागेत कुजला की हायड्रोजन सल्फाईड तयार होतो. थोडा असला की सडक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त झाला की नाकाची वास घ्यायची शक्तीच मरते. आत उतरलेल्याला वाटतं, वास गेला, म्हणजे वायू गेला. तोच क्षण मरणाचा. त्याहून जास्त असला तर दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो. वरचा त्याला काढायला उतरतो, तोही जातो. म्हणून पेपरात एकाचं नाव क्वचित येतं, दोघांचं, तिघांचं येतं. एका घरातले दोघं, बाप आणि मुलगा. चंद्रावर यान उतरवणाऱ्या देशाला गटारातली हवा मोजायला एक हातातलं यंत्र, आत हवा सोडणारा एक पंखा आणि मैला ओढणारी एक गाडी सगळीकडं पोचवता आली नाही, हे कुणी सांगू नये. यंत्र महाग पडतं म्हणून माणूस वापरतात असं नाही. माणूस फुकटात पडतो म्हणून यंत्र महाग वाटतं. आणि तो फुकटात पडतो कारण त्याच्या आजालाही हेच काम होतं.

याला वर गोड शब्दांचा मुलामा. १९३६ ला गांधीजींनी ‘हरिजन’मधे आदर्श भंगी कसा असावा यावर लेख लिहिला. काम पवित्र आहे म्हणे. पवित्र असेल तर ज्यांची पवित्र कामांवर मक्तेदारी होती त्यांनी सोडलं कसं? आजही पुढारी झाडू घेऊन फोटो काढतात. आधी पानं पसरतात, मग झाडतात. पानं झाडणं सोपं आहे. मॅनहोलचं झाकण उचलून कुणी फोटो काढलाय? झाडूचा गौरव नको. झाडू मारणाराच्या पोराच्या हातून झाडू सुटला पाहिजे.

आता दोन शब्द आपल्याच लोकांना.

आपल्या कवितेत गटार फार आलं. उकिरडा आला, धूर आला, मैला आला. यायलाच पाहिजे होता, ते आपलं जगणं होतं. पण दोस्तांनो, गटार आता आपल्याकडं प्रतिमा झालंय. टाळ्या घेतं. गटार प्रतिमा नाही, गटार हायड्रोजन सल्फाईड आहे. कविता म्हणून झाल्यावर सभागृहाच्या मागचं गटार साफ करायला कोण येतो, त्याला आपण ओळखतो का? का तो मेहतर, वाल्मिकी, म्हणजे आपल्यातला नाही, असं मनात येतं? तसं असेल तर विटाळाचं शास्त्र आपल्याही घरात आहे. आपले पुढारी आरक्षणावर बोलतात, स्मारकावर बोलतात, नावावर बोलतात. बोलावं. पण फुप्फुसावर कोण बोलणार? युनियन बोनसवर भांडते, धुळीवर भांडत नाही. धूळ भत्त्यात बसते, तेवढ्यावर समजूत होते. श्वासाचा भत्ता कसला घेता? भत्ता घेतला की मालकाला विष घालायचा परवानाच दिला.

आणि पर्यावरणवाल्या मित्रांनाही सांगतो. फ्लेमिंगो वाचवा, आम्ही बरोबर येतो. झाडं वाचवा, बरोबर येतो. पण झोपडपट्टीनं नाला घाण केला हे आधी बंद करा. नाल्यात मैला जातो कारण वस्तीला ड्रेनेज दिलं नाही. नाल्यात रंग, आम्ल आणि तेल जातं ते वस्तीनं ओतलेलं नाही.

मग सफाई म्हणजे काय? आमचं म्हणणं सरळ आहे.

घाण जिथं तयार होते तिथंच आणि ज्याची त्यानं निस्तरायची. ओला कचरा कुजवून खत होतो, तो ज्या वॉर्डाचा त्या वॉर्डात कुजवा. मलबार हिलचा मलबार हिलला. मग बघा वास येऊ नये म्हणून कशी एका महिन्यात उत्तम यंत्रणा उभी राहते. कारखान्याचं सांडपाणी कारखान्याच्या कुंपणात आधी शुद्ध करा. सामाईक प्रक्रिया केंद्रात काहीही ढकलून मोकळं व्हायचं आणि तिथून ते अर्धवट नदीत, हे चालणार नाही. नळाच्या तोंडाशी मोजमापाचा आकडा गावाला वाचता येईल असा लावा.

जुने डोंगर उपसा, जरूर उपसा. ते शास्त्र आहे. कचरा मोकळा करायचा, जंतू सोडून कुजवून स्थिर करायचा, मोठ्या फिरत्या चाळणीतून चाळायचा. माती वेगळी, दगड वेगळे, जळण्याजोगं वेगळं. गळणारं काळं पाणी धरून शुद्ध करायचं, आतला वायू धरायचा. पण उपसताना धूळ उडणार, ती कुणाच्या नाकात? वेगळं काढलेलं विषारी कुठं नेणार? पुन्हा कुठल्या तरी वाडीला? मोकळ्या जमिनीवर कोण बसणार? हे आधी सांगा, लिहून द्या. आणि शंभर वर्षं ज्यांनी त्या ढिगातून काच, पत्रा, प्लास्टिक वेचून शहराचा कचरा कमी केला, त्या वेचणाऱ्या बायांना त्या कामात पहिला हक्क, कायम नोकरी आणि पूर्ण पगार. ठेकेदाराची हजेरी नको.

गटारात माणूस उतरणार नाही. पंचनामा, मदत, आश्वासन नंतरची गोष्ट. उतरणारच नाही. ज्या शहराकडं यंत्र नाही त्या शहराचं गटार तुंबू द्या. तुंबलेलं पाणी साहेबाच्या बाथरूमात वर आलं की यंत्र येईल.

आणि खात्यात. यंत्राला झाकण आणि धूळ ओढणारी नळी यंत्राच्या तोंडाशी, फक्त छताला पंखा नको, तो तूस फिरवतो. झाडू आणि दाबाच्या हवेनं तूस उडवायची बंद, ओढून घ्यायची. दरवर्षी फुंकून छातीची तपासणी, आणि तीही सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी, पाळीच्या आधी एकदा आणि नंतर एकदा. म्हणजे फरक कागदावर येतो. तो कागद कामगाराच्या हातात. श्वास कमी भरला तर तुसाबाहेरचं काम, त्याच पगारावर. कामावरून काढणं नाही. कायम, बदली, ठेक्याचा, सगळ्यांना एकच नियम. कारण तूस हजेरीपुस्तक बघून आत जात नाही.

हे मागताना आपल्याला सांगतील, गिरणी बंद पडेल, तुमच्याच पोटावर पाय येईल. ही धमकी आपण धोट्याच्या वेळीही ऐकली. तेव्हा म्हणाले, अस्पृश्याला साळखात्यात घेतलं तर बाकीचे काम टाकतील. आज तेच तोंड म्हणतं, गाळणी बसवली तर भांडवल पळेल. माणसाच्या श्वासावर जो धंदा उभा आहे, तो वाचवायची जबाबदारी श्वास देणाऱ्याची नाही.

म्हणून हे वाचणाऱ्या प्रत्येकाला एकच काम सांगतो. पुढच्या सुट्टीनंतर कामावर जाल तेव्हा आपल्या खात्यातल्या दहा जणांना विचारा, आज छाती आवळते का? वहीत लिहून ठेवा. वस्तीत राहत असाल तर डंपिंग किती पावलांवर आहे, नाला कुणाचा, गटारात कोण उतरतो, नाव, वय, ठेकेदार, सगळं लिहा. जातीचा रकाना सोडू नका. महाडला आपण पाण्यावर हक्क सांगितला. आता हवेवर सांगायचा आहे. त्यासाठी १०८ घागरी नकोत, १०८ वह्या भरल्या तरी सुरुवात होते.

जय भीम.